वीतभर उजवीकडे

माझ्या सासऱ्यांनी मला धनुष्यबाण शिकवला, असे म्हणणे अचूक होणार नाही. ते जे काही सांगत ते सासूबाईंना सांगत, आणि सासूबाई ते मला सांगत. आम्ही तिघेही परसात एकमेकांच्या हाकेच्या आत, खरे तर कुजबुजीच्या आत उभे असू. तरीही प्रत्येक सूचना असा वळसा घालूनच माझ्यापर्यंत येई. सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे आणि सासूबाईंना आत्याबाई. सुनेशी सरळ बोलणे मामंजींच्या रीतीत बसत नव्हते आणि सुनेकडे पाहणे तर त्याहूनही नाही.

मामंजी मंगळवार पेठेतल्या एका तालमीचे वस्ताद होते. लाठी आणि दांडपट्टा शिकवणारे तिथे आणखीही होते. धनुष्य मात्र फक्त मामंजींकडे होते. खंडेनवमीला तालमीत शस्त्रांची पूजा होई आणि पूजेनंतर मैदानाच्या पलीकडच्या टोकाला टांगलेल्या कोहळ्यावर एक बाण सोडला जाई. कोहळा बाणाने विंधल्याशिवाय प्रसाद वाटायचा नाही, अशी वहिवाट होती. तो बाण मामंजींच्या घराचा. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांनी सोडलेला. त्यांच्यानंतर कोणी सोडायचा, हा प्रश्न घरात होता आणि त्यावर कोणी बोलत नव्हते. त्यांचा एकुलता मुलगा, म्हणजे माझे यजमान, शाहूपुरीतल्या एका कचेरीत नोकरीला होते. धनुष्याचा विषय निघाला की ते सायकलच्या साखळीला तेल घालायला बाहेर जात.

एकोणीसशे साठचे दशक संपत आले असताना मी लग्न होऊन या घरात आले. मुलींच्या एका शाळेत मी गणित शिकवत असे. संध्याकाळी घरी आले की मामंजी परसात उसाच्या पाचटाने भरलेल्या पोत्यावर बाण सोडत असत आणि मी दोरीवरचे कपडे काढत असे. त्यांची नजर तोवर मंद झाली होती. बाण सुटला की ते स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारत, “कुठं लागला गं?” आत्याबाई चुलीपाशी असत, त्यांना पोते दिसत नसे. मग मी हळूच म्हणे, “आत्याबाई, खुणेच्या वर, दोन बोटं.” आणि आतून आवाज येई, “वर लागलाय दोन बोटं, म्हणती ती.” असे कित्येक दिवस चालले. एका संध्याकाळी मामंजींनी धनुष्य भिंतीला टेकवले आणि भिंतीकडेच पाहत म्हणाले, “तिला सांग, एक बाण सोडून बघ म्हणावं.”

आत्याबाई हात पुसत बाहेर आल्या. “एक बाण सोडून बघ म्हणत्यात,” त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हते. जणू त्यांनी निरोप दिला होता, भाजी निवडून ठेव असा.

धनुष्य ताणायचे तर दोन्ही हात खांद्याच्या रेषेत यावे लागतात. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आले की डोक्यावरचा पदर राहत नाही. हे मला बाण ओढताना कळले, आणि मामंजींना माझ्या गडबडीवरून कळले असावे, कारण त्यांनी माझ्याकडे पाठ केली. बाण माझ्या पायापाशी पडला. शेजारच्या भिंतीवरून शेजारीणबाईंचे डोके वर आले.

“काय ओ आत्याबाई,” त्या म्हणाल्या, “मास्तरीणबाई शिकारीला निघाल्या व्हय?”

“व्हय की,” आत्याबाई म्हणाल्या. “तुमच्या बोक्याला सांभाळा.”

मला त्या दिवशी आत जाऊन दार लावून घ्यावेसे वाटले. वर्गात फळ्यासमोर उभी राहणारी मी, स्वतःच्या परसात उभी राहू शकले नाही. पण दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी माझा पदर कमरेला घट्ट खोचून दिला, आणि मामंजींनी एक तोड काढली, जी पुढे अनेक वर्षे चालली. ते पोत्याच्या जवळ, माझ्याकडे पाठ करून उभे राहत. मला न पाहता बाण पाहत आणि बाणावरून माझे शरीर ओळखत. “कोपर खाली पडतंय, सांग तिला.” “कोपर वर घे म्हणत्यात.” “श्वास धरू नको म्हणावं.” “श्वास धरू नको म्हणत्यात.” ज्यांनी कधी शिकवले आहे त्यांना हे किती अवघड आहे ते समजेल. उत्तर पाहून मुलीने गणितात कुठली पायरी चुकवली हे सांगणे मला साधत असे. पण तिथे निदान वही समोर असते.

आता बांगड्यांविषयी सांगितले पाहिजे. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचे धनुष्य डाव्या हातात असते, आणि सुटलेली दोरी डाव्या हाताच्या आतल्या बाजूने जाते. तिथे चामड्याची पट्टी बांधायची असते. मामंजींची पट्टी होती, पण ती बांधायची तर बांगड्या काढाव्या लागत. सवाष्णीने हात मोकळा ठेवायचा नाही, हे मला कोणी त्या परसात सांगितले नव्हते; ते मी माहेरून घेऊन आले होते. मी बांगड्या कोपराकडे सारून वर दाबून बसवत असे, तरी त्या घसरत. पहिल्याच आठवड्यात दोन वाढवल्या. आमच्याकडे बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. पण जमिनीवर हिरव्या काचा पडल्या की आत्याबाईंचा चेहरा जसा होई, त्यावरून ती फुटलेलीच असे.

गल्लीच्या तोंडाशी बांगड्यांचे दुकान होते. दुकानदार चाचांचे घराणे पेठेत आमच्या घराण्याइतकेच जुने. काही महिन्यांनी त्यांनी माझा हात दाबून बांगडी चढवता चढवता विचारले, “वहिनी, तुमचा डावाच हात कसा ओ बांगड्या खातोय?”

शेजारी बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या, “उजव्यानं पोरींच्या वह्या तपासती. डाव्यानं काय करती ते कशाला इचारता? भरा मुकाट्यानं.”

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मात्र विनोद केला नाही. माझ्या हातावरचा काळानिळा वळ पाहून त्यांनी मला शिक्षकखोलीच्या कोपऱ्यात नेले आणि घरी सगळे ठीक आहे ना असे विचारले. “रहाटाची दोरी लागली,” मी म्हणाले. आमच्या विहिरीला रहाट नव्हता. सून धनुष्यबाण खेळते, हे सांगण्यापेक्षा ते सोपे वाटले.

त्यानंतर माझ्या मनगटाने स्वतःच एक उपाय शोधला. मी तो ठरवून केला नाही, आणि म्हणूनच तो मला दिसला नाही. बाण सुटण्याच्या क्षणी मनगट किंचित बाहेर वळू लागले. दोरी बांगड्यांना न शिवता जाऊ लागली. वळ गेले, काचा थांबल्या. मला वाटले, सुधारणा झाली.

फक्त बाण खुणेच्या डावीकडे लागू लागले. सगळे, नेहमी, साधारण एक वीत. मामंजी पोत्यापाशी उभे राहून बराच वेळ ते बाण पाहत. मग एकदा म्हणाले, “मनगट सरळ हाय का, इचार तिला.”

“मनगट सरळ हाय का म्हणत्यात.”

मी माझ्या मनगटाकडे पाहिले. धनुष्य नुसते धरलेले असताना ते अगदी सरळ होते. “आहे म्हणावं,” मी म्हणाले.

“सरळ हाय म्हणती,” आत्याबाई म्हणाल्या.

मामंजींना मागे वळून खात्री करता आली असती. ते वळले नाहीत. सुनेने आहे म्हटले म्हणजे आहे. पुन्हा तो प्रश्न त्यांनी विचारला नाही.

मी गणिताची शिक्षिका होते. बाण वीतभर डावीकडे जातो, तर नेम वीतभर उजवीकडे धरावा, हे मला सुचायला वेळ लागला नाही. तो नियम लागू केला आणि बाण खुणेवर बसू लागले. पुढची कित्येक वर्षे ते बसत राहिले. पोत्यावर एकाला एक लागून बाण रुतत, आणि मामंजी ते उपटताना काही बोलत नसत, एवढीच त्यांची शाबासकी. मला त्या वर्षांचा अभिमान होता. आज तो अभिमान आठवला की मला माझ्या चुकीपेक्षा अधिक लाज वाटते.

मामंजींच्या खांद्याने दगा दिला तेव्हा सत्तरचे दशक सरत आले होते. त्यांनीच आत्याबाईंकरवी मला विचारले, शाळेतल्या पोरींना शिकवशील काय. मी होकार दिला. मामंजींची सरावाची धनुष्ये नेऊन शाळेच्या मागच्या मैदानात मी पाचटाची पोती उभी केली. अंतर चुकू नये म्हणून परसातले अंतर दोरीने मोजून आणले आणि त्या दोरीनेच मैदानात रेघ मारली. पाय कसे ठेवावेत, खांदा कसा सैल असावा, हे मी फळ्यावर आकृती काढून समजावले. मुली माझ्याकडे पाहून शिकल्या. त्यांचे बाण डावीकडे जाऊ लागले तेव्हा मी त्यांना माझा नियम सांगितला: वीतभर उजवीकडे. सगळ्यांचे बाण एकाच बाजूला का जातात, हा प्रश्न मला पडायला हवा होता. वर्गातल्या सगळ्या मुलींचे उत्तर एकसारखे चुकले तर चूक फळ्यावर असते, हे मला ठाऊक होते.

खंडेनवमीचा बाण मुलींनी सोडावा, असे तालमीच्या मंडळींशी मामंजींनीच बोलणे केले. कारभारी मंडळी आधी हसली. मग एक जण म्हणाला, “वस्ताद, पोरींनी कोहळा पाडला तर इथून पुढं बाण त्यांचा. न्हाय पाडला तर तलवारीनं कापू, आणि धनुष्य आपलं पुजायला राहू दे.”

“चालतंय की,” मामंजी म्हणाले.

खंडेनवमीला मुली ओळीने उभ्या राहिल्या. परकर-पोलक्यातल्या, दोन वेण्या घातलेल्या, गंभीर. तालमीचे मैदान आमच्या परसाच्या दुप्पट लांब होते. मामंजींना मुलींच्या अगदी जवळ खुर्ची दिली होती. मुली नातींच्या वयाच्या असल्यामुळे त्यांच्याकडे पाहायला त्यांना संकोच नव्हता; ते आयुष्यात पहिल्यांदा माझी विद्या समोरून पाहत होते.

पहिल्या मुलीचा बाण कोहळ्याच्या डावीकडून गेला. दुसरीचा तिथेच. तिसरीचाही. शेवटी सगळे बाण कोहळ्यामागच्या मातीच्या बांधात, कोहळ्याच्या डाव्या हाताला, एका जागी रुतलेले होते. इतके एका जागी की कोणाला वाटावे, मुलींनी तीच जागा साधायचे ठरवले होते. मागून कोणीतरी म्हणाले, “नेम ब्येस हाय. कोहळाच चुकीच्या जागी टांगलाय.” लोक हसले. मुली माझ्याकडे पाहू लागल्या.

मला तिथे उभ्या उभ्याच सगळे समजले. कोनातली चूक अंतराबरोबर वाढते. परसात वीतभर होती ती मैदानात दोन विती झाली होती, आणि मी नियम दिला होता एका वितीचा. हे मी नववीच्या वर्गाला दरवर्षी, त्रिकोण काढून, रंगीत खडूने दाखवत असे.

कोहळा तलवारीने कापला गेला. मानाचे धनुष्य पूजेच्या चौरंगावर परत ठेवले. घरी येताना मामंजी पुढे, आत्याबाई मधे आणि मी मागे. घराच्या पायरीवर मामंजी थांबले आणि आत्याबाईंना म्हणाले, “एकेक पोरीच्या हातात बांगड्या दिसल्या मला.”

आत्याबाईंना कळले नाही. “त्यांच्या हातात कुठं हायत बांगड्या? शाळेत घालू देत न्हाईत.”

“न्हाईत,” मामंजी म्हणाले. “तरी सगळ्या जणी त्या सांभाळत हुत्या.”

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. हा निरोप त्यांनी मला सांगितला नाही.

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. मला मुलींची मनगटे आठवत होती. चामड्याची पट्टी नीट बांधलेली, बांगड्या नसलेली, आणि प्रत्येक बाणाला अगदी माझ्यासारखी बाहेर वळणारी. जी वस्तू त्यांच्या हातात नव्हती तिला दोरी लागू नये म्हणून त्या जपत होत्या, आणि ते त्यांना माहीतही नव्हते.

मामंजींनी हे आधी ओळखले नसेल का? बाणावरून कोपर ओळखणाऱ्याला मनगट ओळखता येत नाही, यावर माझा विश्वास नाही. त्यांनी एकदा विचारले होते. पुढे विचारायचे तर सुनेच्या हातातल्या बांगड्यांचा विषय काढावा लागला असता, आणि सासऱ्याने सुनेच्या बांगड्यांविषयी कसे बोलावे? त्यांना संकोच होता, मला संकोच होता. आमच्या दोघांच्या संकोचातून ते वाकडे मनगट तयार झाले आणि मी ते एका वर्गाला शिकवले.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी मला परसात बोलावले. त्यांनी माझा डावा हात स्वतःच्या हातात घेतला, तेल लावले, एकेक बांगडी न वाढवता उतरवली आणि स्वतःच्या मनगटात चढवली. “माझ्या हातात हायत तवर तुझ्याच हातात हायत,” त्या म्हणाल्या. “बांध ते चामडं.”

इतकी वर्षे एवढेच करायचे होते. कोणी विचारले नव्हते म्हणून कोणी सांगितले नव्हते.

त्यानंतर मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नव्याने शिकणे एक वेळ सोपे. शिकलेले काढून टाकणे फार अवघड. मनगट सरळ ठेवले की बाण उजवीकडे जाई, कारण डोळा अजून वीतभर उजवीकडेच पाहत होता. शाळेतल्या मुलींना मी रांगेत उभे करून सांगितले की मी तुम्हाला चुकीचे शिकवले आहे. एक मुलगी म्हणाली, “पण बाई, पोत्यावर तर बरोबर लागत होतं की.” तिला मी फळ्यावर त्रिकोण काढून दाखवला, रंगीत खडूने. तिने मान डोलावली. तिची नजर आकृतीवर नव्हती, माझ्यावर होती.

ज्या मुली तोवर शाळा सोडून गेल्या होत्या, त्यांना सांगता आले नाही. कोणी गडहिंग्लजकडे नांदायला गेली, कोणी निपाणीला. त्यांच्यातल्या एखादीने जत्रेत, आपल्या मुलांना दाखवायला म्हणून, धनुष्य हाती घेतले तर तिचे मनगट बाहेर वळेल आणि ती म्हणेल, आमच्या बाईंनी असेच शिकवले. हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मामंजी त्यानंतर दोन नवरात्रे जगले. तालमीत कोहळा तलवारीने कापला जात राहिला. बाण तयार झाला का, असे त्यांनी एकदाही विचारले नाही. पोत्यापाशी खुर्ची टाकून ते बसत, माझ्याकडे पाठ करून, आणि मी बाण सोडत असे. एखादा बाण मधोमध बसला तर ते खुर्चीतून हात वर करून आत्याबाईंना खूण करत, आणि आत्याबाई म्हणत, “हा बरा म्हणत्यात.”

ते गेले आणि वर्ष सरले, तेव्हा मी तालमीच्या कारभाऱ्यांकडे गेले. “वस्तादांच्या घरचा बाण आहे,” मी म्हणाले. “एकदा सोडू द्या.” त्यांनी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे पाहिले. एक जण म्हणाला, “या की बाई. वस्तादांचं घर हाय. न्हाय कसं म्हणायचं?” माझ्यावरच्या विश्वासाने नव्हे, मामंजींच्या मानाने त्यांनी होकार दिला, हे मला स्पष्ट दिसले.

खंडेनवमीला आत्याबाई माझ्याबरोबर आल्या. पूजेच्या जवळ त्या गेल्या नाहीत; मैदानाच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली उभ्या राहिल्या. मी त्यांच्यापाशी गेले, हाताला तेल लावले, बांगड्या उतरवल्या आणि सवयीने त्यांच्या मनगटाकडे नेल्या. तिथे माझा हात थांबला. त्यांची मनगटे वर्षापासून मोकळी होती. आता या बांगड्या त्यांच्या हातात चढवायच्या नव्हत्या, आणि हे मला त्या क्षणापर्यंत सुचले नव्हते. माझा हात धड पुढे जाईना, धड मागे येईना. ओळखीच्या बायका पाहत होत्या.

“आण की,” आत्याबाई म्हणाल्या. “घालायला न्हाय, धरायला तर हात हायत न्हवं?” आणि त्यांनी बांगड्या मुठीत घेतल्या.

मी चामडे बांधले. पाय, खांदा, मनगट तपासले. बाण ओढला, मनगट सरळ राहिले, हे मी आज शपथेवर सांगू शकते. बाण कोहळ्याच्या उजव्या कडेला लागला. जरा आणखी उजवीकडे जाता तर चुकलाच असता. कोहळ्याची एक फाक सुटून लोंबू लागली. कारभारी ओरडले, “लागला, लागला.” प्रसादाच्या पराती पुढे आल्या. धनुष्य नुसते पुजायला ठेवायचे नाही, हे ठरले.

मी परत झाडाखाली आले. माझ्या शाळेतल्या दोन मुली धावत आल्या होत्या आणि माझ्याकडे कौतुकाने पाहत होत्या. त्यांच्याकडे मला पाहवेना. आत्याबाईंनी माझा हात घेतला आणि एकेक बांगडी चढवू लागल्या. मुठीत घट्ट धरल्यामुळे त्या गरम झाल्या होत्या.

“मनगट सरळ हुतं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “नेम अजून उजवीकडं धरतीस.” आणि शेवटची बांगडी नीट बसवून, वर न पाहता, नेहमीसारखेच पुढे म्हणाल्या, “म्हणत्यात.”